वहिनींच्या सहली

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. वाटायचं, वहिनी आहेत तोवर त्यांच्याशीच बोलावं, चार लोकांना कशाला सांगायचं? आणि त्यांच्याशी बोलायचं राहूनच जायचं. मग एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, "काका, आई गेली." तेराव्याला आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली जुनी माणसं जमली होती. जेवताना कुणीतरी म्हणालं, "आपल्या त्या बसच्या सहली आठवतात ना? सुधाकररावांनी काय झकास काढल्या होत्या." सगळ्यांनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून लाडू फोडत बसलो... तर पहिल्यांदा तेच सांगतो. त्या सहली मी सुरू केल्या नव्हत्या. विमल परब यांनी, आमच्या वहिनींनी, केल्या होत्या.

परब कुटुंब आमच्या समोरच्या दारात राहायचं. मूळचे मालवणकडचे. गिरण्यांचा संप झाला आणि परबांची नोकरी गेली. ते मुलुंडमध्येच एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले, आणि वहिनी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जाऊ लागल्या. आठवडाभर गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरून त्यांचे डोळे शिणायचे. "रविवारी तरी लांबचं काहीतरी बघायला हवं," असं त्या म्हणायच्या, आणि ते त्यांनी खरं केलं. भाड्याची लक्झरी बस ठरवायची, पहाटे सोसायटीच्या गेटवरून निघायचं, एखादा जुना राजवाडा, कुणा सरदाराची बाग, बाजाराचं गाव बघून दिवेलागणीनंतर परत. आमच्यासारख्या ऑफिसात जाणाऱ्या माणसांनाही तोवर गावचं घर आणि देवदर्शन सोडून कुठं जाता येतं, हे सुचलं नव्हतं. परक्याच्या घरातली झुंबरं बघायला कोण जातं? पण एकदा गेलो आणि चटक लागली. पुढच्या सीटवर वहिनींचा मोठा डबा, मागे गुजराती शेजाऱ्यांचे ठेपले, मधे गाण्याच्या भेंड्या. रस्त्यात गाय आडवी आली आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला की वहिनी त्याला म्हणायच्या, "अरे बाबा, गाय आसा ती. तिका वाचता येत नाय, हॉर्न तरी कसो कळतलो?"

त्यांचा एक नियम होता. सहलीच्या आदल्या रविवारी एसटीनं स्वतः जाऊन ती जागा बघून यायची. फाटक कोण उघडतं, आत कुणाला विचारायचं, जेवायला सावली कुठं आहे, आणि सगळ्यात आधी बायकांसाठी सोय आहे का. आमच्या बायका प्रवासाला निघायच्या तर सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. वहिनींनी ते एकदा कमिटीच्या मीटिंगमध्ये सरळ सांगितलं. पुरुष मंडळी छताकडे बघत बसली. त्यानंतर त्यांच्या सहलीत बायका उसाचा रससुद्धा प्यायच्या, आणि दुसरा ग्लास मागायच्या.

ज्या सहलीबद्दल सांगायचं आहे, ती घाटापलीकडच्या एका छोट्या संस्थानी गावातल्या राजवाड्याची. आदल्या रविवारी परबांना सणकून ताप होता. वहिनी आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, ह्या वेळी तुम्ही बघून याल का?" मी हो म्हटलं, सकाळी निघालोही. पण घाटकोपरला माझ्या मेहुण्याकडे नवा रंगीत टीव्ही आला होता आणि त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. थोडा वेळ बसू म्हणून उतरलो, तो संध्याकाळपर्यंत उठलोच नाही. परत आलो तेव्हा वहिनी जिन्यातच भेटल्या. "काय, कसं आहे?" मी सांगितलं, उत्तम आहे. वाड्याच्या कारभाऱ्यांशी बोललो, या म्हणाले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण खोटं बोलणाऱ्याला तपशिलाचा सोस असतो. मी म्हणालो, "आणि वहिनी, वाड्याच्या चौकात मोर आहे. अगदी जवळ येतो." त्या खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी सोसायटीतली सगळी मुलं मोराबद्दल बोलत होती.

रविवारी बस राजवाड्यासमोर उभी राहिली, तेव्हा फाटक बंद होतं आणि आत मांडव घातलेला दिसत होता. राजघराण्यातल्या मुलाची मुंज होती. वहिनी आत जाऊन कारभाऱ्यांना भेटून आल्या. आठ-दहा दिवस आधीपासून फाटकावर पाटी लावली होती, असं त्यांना आत कळलं. त्या बाहेर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. माझी धाकटी मुलगी माझं बोट धरून विचारत होती, "बाबा, मोर?" वहिनींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग बसच्या पायरीवर चढून सगळ्यांना म्हणाल्या, "चूक माझी झाली. तारीख नीट विचारायची राहिली."

लोक चिडले. कमिटीचे सेक्रेटरी कर्णिक म्हणाले, "एवढ्या लांब आणून भिंती दाखवणार का, वहिनी?" मी तिथंच होतो.

आणि तरी तो दिवस आमच्या सगळ्या सहलींमध्ये सर्वांत सुंदर गेला, हेही लिहिलं पाहिजे. गावात आठवडी बाजार होता. वहिनींनी सगळ्यांना तिकडे वळवलं. बायकांनी घोंगडीवाल्याशी घासाघीस केली, कर्णिकांनी स्वतः पारखून सुऱ्या घेतल्या आणि नंतर त्याच सगळ्यांना दाखवत फिरले. दुपारी नदीकाठच्या आमराईत पंगत बसली. मांडवातून कारभाऱ्यांनी जिलब्यांची परात पाठवली. ती वहिनींच्या बोलण्याची कमाई होती. माझ्या पानात जिलबी वाढताना त्या वाकल्या आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "मोर खंय गेलो, भावजी?" चेहरा हसरा.

माझा खरा अपराध त्याच्या पुढचा आहे. पुढच्या मीटिंगमध्ये कर्णिक म्हणाले, "हे बाईमाणसाचं काम नाही. सुधाकरराव, तुम्ही बघा आता." वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्या एका वाक्यानं सगळं सरळ झालं असतं. मी म्हणालो, "बघतो." त्या हसून म्हणाल्या, "बरं झालं. मला आता खिडकी मिळेल." पुढे मी सहली काढत राहिलो, त्यांच्याच पद्धतीनं. आदल्या रविवारी जाऊन बघून आल्याशिवाय एकही नाही. त्या मागच्या खिडकीत बसायच्या, भेंड्या लावायच्या, कुठल्याही बागेत पोचलो की माळ्याला पकडून त्याच्या मुलाबाळांची चौकशी करायच्या. खरोखर सुखात दिसायच्या. "बंद फाटकवाल्या वहिनी" म्हणून त्यांना चिडवलं, तरी त्या सगळ्यांबरोबर हसायच्या. त्यांचं ते सुख बघून मी माझी समजूत घालायचो, की बघ, काही बिघडलेलं नाही.

एकदा मात्र एका सरदाराच्या बागेत, कारंज्याजवळ, त्या माझ्या बायकोला सांगत होत्या आणि मी मागे उभा होतो. "इथं मी चैत्रात आणलं असतं गं. मोगरा असतो तेव्हा." एवढंच. आम्ही भाद्रपदात गेलो होतो.

जाण्याआधी काही आठवडे त्या आजारी असल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेलो. वाटेत वाक्य जुळवत होतो. मी त्या रविवारी गेलो नव्हतो, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. ते त्यांना फाटकाशीच कळलं होतं. सांगायचं होतं ते दुसरंच, की काम तुमचं होतं, नाव तुमचं व्हायला हवं होतं, आणि ते मी चारचौघांत उचलून घेतलं. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. सुनेला म्हणाल्या, "ह्यांच्या चहात साखर कमी घाल गं." मग माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, नातवाच्या परीक्षेची केली. चहा झाला. बोलणं संपलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या... मला आता वाटतं, त्या थांबल्या होत्या.

"वहिनी," मी म्हणालो.

"बोला ना, भावजी."

"काही नाही. येतो मी."