शाब्लीच्या तळाशी पांढरे खडे

डॉक्टरांनी ग्लास माझ्यापुढे धरला. तळाशी बारीक पांढरे खडे होते, साखरेसारखे.

"हे काय आहे, मॅनेजर?" ते हळूच म्हणाले. शेजारी त्यांचे वडील बसले होते.

लातूरच्या एका हॉटेलात मी खाण्यापिण्याचा विभाग सांभाळतो. डॉक्टरांची मुलगी फ्रान्सहून शिकून परतली, त्याचं हे जेवण होतं. तिनं आणलेल्या शाब्लीच्या तीन बाटल्या त्यांनी आठवडाभर आधी आमच्याकडे ठेवल्या होत्या. शाब्ली ही फ्रान्समधली पांढरी वाइन, गावाच्या नावानंच ओळखली जाणारी.

वाइन पाहुण्यांसमोर उघडायची, हा आमच्या कामातला पहिला नियम. पण आमच्याकडे वडीलधाऱ्यांपुढे टेबलावर बाटली दिसलेली चालत नाही. म्हणून मीच बसप्पांना सांगितलं होतं, पडद्यामागे उघडा आणि ग्लास भरून आणा. बसप्पा उदगीरचे, आमचे सर्वांत जुने वेटर. स्टोअरची किल्ली त्यांच्याकडेच असते.

मी पडद्यामागे जाऊन वाइन चाखली. आंबट, कोरडी, गोडवा नावालाही नाही. मला सवय गोडसर पांढऱ्या वाइनची. शाब्ली मी त्याआधी कधीच चाखली नव्हती, आणि हे कबूल करायची लाज वाटत होती. आंबट चव, पांढरे खडे. माझ्या डोक्यात एकच आलं: लिंबूसत. बसप्पांनी वाइन काढून घेतली असणार, पाणी भरलं असणार आणि सरबतात घालतो ते लिंबूसत टाकून चव जुळवली असणार.

"बसप्पा, बाटलीत काय घातलं?"

"काय घालू साहेब? बूच काढलं, वतलं."

"बूच काढताना कुणी पाहिलं?"

"तुमीच म्हनले न्हाई का, पडद्याआड काढा म्हनून."

उत्तर सरळ होतं. मला ते तयार करून ठेवल्यासारखं वाटलं.

"मग गळ्यातलं लिंग हातात घेऊन सांगा."

बसप्पा लिंगायत माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांना दारू ओतली, स्वतः थेंब घेतला नाही. ते बेसिनशी गेले आणि साबणानं दोनदा हात धुतले.

"दारूच्या हातानं न्हाई धरत," म्हणाले. मग लिंग तळहातावर घेतलं. "म्या काही घातलं न्हाई."

तरीही माझा विश्वास बसला नाही. त्यांच्यासमोरच मी मालकांना फोन लावला: उद्यापासून बसप्पा कामावर नकोत.

तेवढ्यात डॉक्टरांची मुलगी माशाची प्लेट हातात घेऊन आत आली. "काय झालं, काका?" मी सांगितलं. तिनं उरलेल्या दोन्ही बाटल्या मागवल्या. बुचाला कुणाचा हात लागलेला नव्हता, वरची पन्नीही जशीच्या तशी. तिनं त्या ट्यूबलाइटपुढे धरल्या. दोन्हींच्या तळाशी तेच खडे.

"फ्रीज फार थंड होता का?"

तो शेवटच्या आकड्यावर मीच लावला होता.

"हे द्राक्षातलंच आम्ल आहे. जास्त थंडीत त्याचे खडे होतात. अपाय काही नाही."

"आणि एवढी आंबट?"

"शाब्ली तशीच असते. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, पाणी मारलेल्या शहाबादी फरशीसारखा वास. तिथली जमीनही चुनखडीचीच. बर्फासारखी गार केली की वास जातो, नुसता आंबटपणा उरतो. त्यात बाबांनी काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर घेतली. तिखटापुढे हिचं काय चालणार? यासोबत घेऊन बघा."

मटण आधी वाढायचं मीच ठरवलं होतं. तिनं दिलेला मरळ माशाचा तुकडा नुसत्या मिठात तळलेला होता. एव्हाना ग्लासातल्या वाइनचा गारठा जरासा कमी झाला होता. एका घोटात माशाचं तेल जिभेवरून उतरलं, आणि तो आंबटपणा लिंबू पिळल्यासारखा जागेवर बसला. वाइन उत्तम होती. मी ग्लास खाली ठेवला.

मालकांना पुन्हा फोन केला. सगळ्या स्टाफसमोर बसप्पांची माफी मागितली. "बरं साहेब," एवढंच म्हणाले आणि ग्लास पुसायला लागले.

आता शाब्ली आली की फ्रीज दहा डिग्रीवर ठेवतो, सोबत मासा सुचवतो, आणि उघडण्याआधी बाटली उजेडात धरतो. त्या दिवशी एवढं केलं असतं तरी पुरे होतं.

बसप्पा अजून आमच्याकडेच आहेत. पण तेव्हापासून एकही बाटली त्यांनी एकट्यानं उघडलेली नाही. साधी बिअर असली तरी पडद्यामागून हाक येते, "साहेब, हिकडं या. बूच काढायलो."

मी हातातलं काम टाकतो आणि जाऊन उभा राहतो.