खजिनदाराशेजारची खुर्ची

लीड्सला आमच्या शेजारी एक इजिप्शियन गृहस्थ राहतात, कॉप्टिक ख्रिश्चन. त्यांच्या उपासाला दूधसुद्धा चालत नाही. मी एकदा हौसेने पेढे नेऊन दिले, तर त्यांनी ते फ्रीजरमध्ये ठेवले आणि ईस्टरला उपास सुटल्यावर आमची बेल वाजवून सांगितलं, "आज खाल्ले!"

त्यांच्या चर्चचे ते खजिनदार. एका रविवारी मला तिथे जेवायला घेऊन गेले. जेवणानंतर त्यांनी वर्षाचा हिशोब प्रोजेक्टरवर लावला. दर दोन वाक्यांनी थांबायचे, "एनी क्वेश्चन्स?" मोठी माणसं चहा ढवळत बसली होती. शेवटी मागून युनिव्हर्सिटीतली एक मुलगी उठली.

"अंकल, छपरासाठी जमवलेले पैसे कार्पेटला कसे गेले?"

तिची आई तिची बाही ओढायला लागली. खजिनदार मात्र खुलले.

"मीच वळवले. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं." त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "ये, इथे बस. यापुढे तुझ्या सहीशिवाय चेक जाणार नाही."

पुढच्याच महिन्यात आमच्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये माझ्या लेकीने हात वर केला. "बाबा, गणपतीचे उरलेले पैसे कुठे आहेत?"

मंडळाचा खजिनदार मी. "घरी बोलू" अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी शेजारची खुर्ची ओढली.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन शेजारी गेलो. नेमका उपास चालू होता. ते हसले आणि त्यांनी फ्रीजर उघडला.