कानपिळीचा मान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. निखिल गेल्याचा फोन मला संध्याकाळी नाही, सकाळीच आला होता.

निखिल माझा भाचा, कोल्हारच्या अक्काचा धाकटा. बाप लहानपणीच गेला. माझी वर्दी बघत बघत तो वाढला, आणि मी फौजेतून पेन्शनवर येऊन नागापूरला एका कारखान्याच्या गेटवर लागलो तोवर तो भरतीही झाला. पुढं शांतिसेनेच्या तुकडीबरोबर आफ्रिकेत जायची त्याची पाळी आली. निघण्याआधी भेटायला आला, तेव्हा बहिणीच्या, पूजाच्या लग्नाला आपण नसणार हेच त्याला जास्त लागलं होतं. म्हणाला, "कानपिळीला मी फोनवरनं बघंन. माज्या वतीनं तुमी पिळा मामा, पण जोरात. दाजी वरडला पायजे." मग बुटाच्या नाड्या बांधता बांधता, मान वर न करता, "युनिटमधी तुमचाच नंबर दिलाय. काय झालंच, तर आईला तुमीच सांगा... लगेच सांगा. टीव्हीवरनं कळाया नको."

मी हो म्हणालो होतो.

लग्नाच्या सकाळी मांडवामागं, आचाऱ्यांच्या भट्ट्यांपाशी उभा असताना फोन वाजला. साहेब हिंदीत, सावकाश बोलत होते. गस्तीच्या गाडीवर गोळीबार झाला... निखिल जागीच गेला. मी सवयीनं 'जी साब' म्हणालो आणि फोन खिशात घातला. बोललो असतो तर सुतक लागलं असतं, आणि नवरदेव तर वेशीपर्यंत आलेला. पोरीसाठी गप्प बसलो, असं मी स्वतःला समजावत आलोय. पण ते अर्धंच खरं आहे. अक्का नव्या लुगड्यात समोरून हसत आली, आणि माझी हिंमत झाली नाही.

"लाव की रं त्याला फोन," ती म्हणाली.

"रेंज न्हाई तिकडं."

मंगलाष्टकांना मामा म्हणून पूजाच्या मागं उभा राहिलो. कानपिळीला भावाच्या जागी मीच पुढं झालो. कान इतका जोरात पिळला गेला की जावई खरंच ओरडला. सारा मांडव हसला. अक्का तर डोळ्यांना पदर लावून हसत होती. पूजा सासरी निघाल्यावर मी अक्काला आत नेलं आणि सांगितलं... वर म्हणालो, फोन आत्ताच आला.

परवा गेलो होतो. चहाचा कप पुढं ठेवत अक्का म्हणाली, "बहिणीवर अक्षता पडल्या तवा तरी जिता हुता माजा बाळ. तेवढं बघितलं देवानं." मी चहा पीत राहिलो.

कानपिळीचा मान म्हणून जावयाकडून मिळालेला पोशाख तिनं मलाच दिलाय. माझ्या कपाटात तो तसाच आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. कपाट उघडलं की निखिलचं ते 'लगेच' आठवतं... हा मजकूर छापून यायच्या आत मला कोल्हारला जायचंय. फोन सकाळी आला होता, एवढं एक वाक्य मी अजून अक्काचं देणं लागतो.