बिब्ब्याचा चटका

पोडियाट्रीची पत्रकं वाटायला मी सोमाटणे फाट्यावर उभी राहायचे, तेव्हा लोक दोनच गोष्टी विचारायचे. हे मसाजचं आहे का, आणि फुकट आहे का. एका रिक्षावाल्या भाऊंनी तर पत्रक उलटसुलट करून म्हटलं, "लोणावळ्याला ते मासे पाय चावत्यात, तसलंच ना?" शेजारचे हसले. मी नाही हसले. मला राग लवकर येतो आणि तो टिकतो.

तळेगावात दर गुरुवारी एक पोडियाट्रिस्ट बाई बसतात. पायांच्या डॉक्टर. साखरेच्या आजारात पायाची जाणीव हळूहळू मरते. ती किती उरली आहे, हे त्या तळव्याला नायलॉनचा बारीक दोरा टेकवून तपासतात. कुरूप सोलतात, जखम भरून आणतात, चप्पल कसली हवी ते सांगतात. पाय कापायची वेळ येऊ नये म्हणून हे सगळं. आपल्याकडे दाताला डॉक्टर, डोळ्याला डॉक्टर, केस गळाले तरी डॉक्टर. पायाला मात्र शेजारची बाई आणि विस्तवावर तापवलेला बिब्बा. तेल सुटलं की द्यायचा चटका, कुरूप जळतं म्हणे.

माझी मावशी, आईची थोरली बहीण, बेडशाला असते. लोणावळ्यातल्या एका बंगल्यात ती फरशा पुसायला जायची. बंगल्यात चपला चालत नाहीत, म्हणून दिवसभर ओल्या फरशीवर अनवाणी. मालकांच्या कुत्र्याला पावसाळ्यात पायमोजे असतात, हे तिनंच मला सांगितलेलं. मावशीला साखर आहे हे सगळ्या घराला माहीत होतं. तिच्या अंगठ्याखाली कुरूप आहे हे कुणालाच नाही.

दसऱ्याला गेले. आपट्याची पानं दिली आणि पाया पडायला वाकले, तर तिनं उजवा पाय झटकन साडीत ओढून घेतला.

"ऱ्हाऊ दे गं, ऱ्हाऊ दे. लय शिकलेली पोर तू."

मला वाटलं, संकोच. पिशवीतून पत्रक काढून तिच्या हातात दिलं, चहा प्यायले, निघाले. पत्रकावर मोठ्या अक्षरांत पोडियाट्री आणि खाली गोऱ्या, गुळगुळीत पायांचं चित्र. ते चित्र मीच निवडलं होतं.

आठवड्यानं तिच्या सुनेचा फोन आला. "आत्याबाईंच्या पायाला वास मारतोय."

अंगठा काळा पडला होता. त्याच्याखाली भाजल्याचं खोल भोक. आणि मावशी कौतुकानं सांगत होती, "शेजारणीनं तीनदा चटका दिला, म्या हूं का चूं केलं न्हाई. ती म्हनली, तू लय धीराची!"

धीर कसला? तिला काही कळतच नव्हतं. जिथं किंचाळायला हवं होतं तिथं शाबासकी मिळाली.

तळेगावच्या बाईंनी तो पाय मांडीवर घेतला. दोरा टेकवला.

"कळतंय का मावशी?"

"कुटं लावलाय?"

बाई माझ्याकडे वळल्या. "आठवडाभर आधी आणायचं होतं. आता सर्जनकडे न्या."

अंगठा गेला. वॉर्डात मावशी म्हणाली, "तुज्या कागदातल्या बाई त्याच व्हय गं? मला वाटलं नखं रंगवत्यात. आमच्या बंगल्यावर येती की तसली एक."

उरलेली पत्रकं मी रद्दीत घातली. नव्यावर भेगाळलेला तळवा छापला, कुरुपासकट. माझ्याबरोबर पत्रकं वाटणारेच दोघे म्हणाले, किळसवाणं दिसतंय, कोण हातात घेणार? दिसू दे. माणसाच्या पायावर आपण डोकं टेकवतो आणि तोच पाय कधी उलटून बघत नाही. मीही नाही बघितला. पत्रकं वाटणारीनं.

मावशीला आता मऊ तळाचे बूट आहेत, घरातसुद्धा काढायचे नाहीत असे. बूट घालून बंगल्यात घेत नाहीत. काम सुटलं.

यंदाच्या दसऱ्याला मी वाकले ते तिचा पाय धरूनच. तिनं मागं घेतला नाही. मी बूट काढला, पाय वळवला, तळवा उजेडात धरला.

"आता बघतीस व्हय," ती म्हणाली. "बघ. निवांत बघ."