आत वाजणारा फोन

फोन वाजला तेव्हा बाळ माझ्या कडेवर, मी दाराबाहेर अन् आत गॅसची टाकी फुस्स फुस्स करत होती. टाकी बदलायला गेले तर रेग्युलेटर बसेना, वरून गॅस सुटला, खोली एकच, त्याच खोलीत बाळाची झोळी, मग बाळ उचललं अन् पळाले. फोन झोळीतच राहिला. त्यात अंगाई लावून ठेवते मी, त्याशिवाय ते झोपत नाय. अंगाई थांबली अन् रिंग सुरू झाली. ह्यांची रिंग वेगळी लावलीय, म्हणून लगेच कळलं.

हे इथंच सिन्नरच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर हायेत. तिथं मशीनपाशी फोन न्यायचा नाय, गेटवर पेटीत ठेवायचा, लक्ष गेलं की बोट गेलं. त्यामुळं ड्यूटीत ह्यांचा फोन येतच नाय, लग्न झाल्यापासून कधी आला नाय. आला म्हणजे काय झालं असेल ते मी तोंडानं बोलले नाय. तेवढ्यात सासूबाई नळावरून हंडा घेऊन आल्या. त्यांना मी आत्या म्हणते.

"अगं उचल की! ह्या टायमाला त्याचा फोन? काय झालं असंल त्याला!"

"आत्या, आत गॅस सुटलाय."

"मग गॅस वाजतोय का? फोन वाजतोय."

बचत गटात एजन्सीचा माणूस सांगून गेला होता, वास आला की लाईटचं बटन दाबायचं नाय, मोबाईलला हात लावायचा नाय, बाहेर पडायचं अन् लांबून फोन करायचा. आत्या पण आल्या होत्या, चहा झाल्यावर उठल्या. मी आठवी नापास, पण एवढं पाठ राहिलं. ह्यांचा नंबर मात्र पाठ नाय, तो फोनमधे हाय. शेजारच्या काकूंनी गल्लीच्या टोकाला जाऊन एजन्सीला फोन लावला. ह्यांचा नंबर त्यांच्याकडंही नव्हता.

रिंग थांबली. परत लागली. आत्यांनी हंडा खाली ठेवला अन् सरळ आत निघाल्या. मी एका हातानं बाळ आवळलं, दुसऱ्यानं त्यांचं मनगट धरलं अन् ओढलं. बांगड्या फुटल्या. सगळी गल्ली बघत होती.

"सोड! पोराला तिकडं काय झालंय अन् हिनं माझ्या बांगड्या फोडल्या!"

"फुटू द्या. आत जायचं नाय."

हे मी म्हणाले. सासूला.

काकू म्हणाल्या, "जोर हाय गं तुला."

माणूस येईपर्यंत फोन वाजून वाजून गप्प झाला, मी मनगट सोडलं नाय. त्यानं टाकीच्या तोंडाला टोपण लावलं, टाकी उचलून उघड्यावर नेली, वास जाईपर्यंत आम्हाला बाहेर बसवलं. मग मी फोन केला.

कंपनीत लाईट गेली होती, सगळ्यांना गेटवर सोडलं होतं. ह्यांना विचारायचं होतं, संध्याकाळी मटण आणू का.

मटण आणलं. आत्यांनी खाल्लं, पण माझ्याशी बोलत नायत, काही सांगायचं असलं की बाळाला सांगतात. "तुझ्या आईला म्हणावं, काय झालं गं शेवटी? काहीच नाय झालं." हे म्हणतात, तुझंही बरोबर, माझ्या आईचंही बरोबर हाय. अन् खरंच ह्यांचं बोट गेलं असतं तर? तरी मी आत जाऊ दिलं नसतं, हे मी अजून कोणाला बोलले नाय.

बाळ कडेवर, सासूचं मनगट हातात अन् आत नवऱ्याचा फोन. तुम्ही असता तर काय केलं असतं?