सरांचा शेवटचा खडक

चार माणसं दरवर्षी एकाच प्रश्नावर भांडत असली की किस्से शोधत फिरावं लागत नाही. बातमीचं तसं नसतं. बातमीमागे मी आयुष्यभर धावलो, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात लोकांनी समोसे बांधले. किस्से कुणी छापत नाही, म्हणूनच ते टिकत असावेत.

आमचा प्रश्न साधा आहे : यंदा सुट्टीत खडक चढायला कुठे जायचं? दिवाळी आटोपली की चंद्रपुरात जटपुरा गेटजवळच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर आमची बैठक बसते. खोब्रागडे सर कॉलेजात फिजिक्स शिकवतात, मूळचे चिमूरचे. नलिनी बँकेत आहे, माहेर आरमोरीचं. जिथे भात मिळत नाही ती जागा तिच्या लेखी भारतात नाही. मडावी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतो. त्याचं गाव गडचिरोलीत, अहेरीच्या पुढे, जंगलात. दोर आणि गाठी त्याच्या ताब्यात असतात. चौथा मी, चंद्रपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर. माझ्याकडे काय असतं, तर आवाज.

यंदाची बैठक मात्र वेगळी होती. सरांच्या उजव्या गुडघ्यातली गादी झिजली आहे. जानेवारीत नागपूरला ऑपरेशन. डॉक्टरांनी सरळ सांगून टाकलं : नंतर जिना चढाल, खडक नाही. म्हणजे डिसेंबरची ही चढाई सरांची शेवटची. जागा त्यांनीच ठरवायची, असं आम्ही तिघांनी जाहीर केलं. आणि इतकी वर्षं आमच्या प्रत्येक जागेत खोट काढणाऱ्या सरांना एक जागा ठरवता येईना!

गुडघा कसा आहे, असं विचारलं की सरांचं उत्तर एकच : "फर्स्ट क्लास." बसताना ते टेबलाची कड धरायचे. आम्ही दुसरीकडे पाहायचो.

जागा ठरवण्याचा आमचा इतिहासच मुळात तसा आहे. ऐका.

* * *

चंद्रपुरात कोळसा आहे, धूर आहे, ऊन तर विचारूच नका. पण सरावाला खडक नाही. म्हणून सुरुवातीच्या काळात आम्ही गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीच्या खांबांवर चढायचो. एका रविवारी सर आणि मडावी अर्ध्यावर पोचले होते, खाली मी आणि नलिनी दोर धरून उभे. तेवढ्यात एक सरकारी जीप आली.

आमच्या भागात माणूस टाकीवर चढला की त्याचा एकच अर्थ होतो : आंदोलन. जीपमधून एक साहेब उतरले, मागोमाग भोंगा घेतलेला शिपाई. मी समजावून सांगायला पुढे झालो आणि ओळख दिली. तिथेच चुकलं. पत्रकार आधीपासून हजर आहे म्हणजे सगळं ठरवून चाललं आहे, असं साहेबांचं पक्कं मत झालं. त्यांनी मला हातानं बाजूला सारलं आणि भोंग्यातून वर विचारलं, तुमच्या मागण्या काय आहेत.

मडावी कधी आवाज चढवत नाही. पण उंचीच तेवढी होती.

"आमाले हंपीले जाचं आहे!"

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपायानं मान डोलावली. साहेब भोंग्यातून म्हणाले, "मान्य आहे. वरपर्यंत कळवतो. आधी खाली उतरा."

आमच्या मंडळात एकही विरोधी मत न पडता मंजूर झालेली ती एकमेव सहल. दुसऱ्या दिवशी समोरच्या दैनिकात बातमी आली, 'टाकीवर चढून चौघांचे आंदोलन'. माझं नाव चुकीचं छापलं होतं. त्या संपादकाशी मी अजून बोलत नाही.

* * *

मंजूर झालं होतं, म्हणून हंपीला गेलो. तिथली चढणारी मंडळी पहाटे अंधारात उठतात, उजाडता उजाडता चढतात आणि ऊन तापलं की एखाद्या दगडाखाली सावलीत पडून राहतात. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही आरामात उठलो, नलिनीनं भात मिळणारं हॉटेल शोधलं, जेवलो आणि भर दुपारी दोर लावला.

सावलीत पडलेली बंगळूरची मुलं उठून बसली. त्यांना वाटलं, आम्हाला काही झालं आहे. त्यांच्यातली एक मुलगी पाण्याची बाटली घेऊन धावत आली आणि काळजीनं विचारू लागली की अंकल, आपको गर्मी नहीं लग रही?

सर दोरावर लटकले होते. त्यांनी तिथूनच खाली पाहिलं.

"बेटा, हम चंद्रपूर से हैं. शाम को स्वेटर लगता है."

ती मुलगी बाटली घेऊन परत गेली. नलिनीनं तोवर कानाला स्कार्फ बांधला होता.

* * *

तुम्ही म्हणाल, इतकं लांब कशाला? जिल्ह्यात डोंगर काय कमी आहेत? हाच प्रश्न मी दरवर्षी बैठकीत टेबल आपटून विचारतो. एका वर्षी सर वैतागून म्हणाले, चला, चिमूरकडे एक छान कातळ आहे, लहानपणापासून पाहतो आहे. वनखात्याची परवानगी काढली, सगळे सोपस्कार केले आणि सकाळी कातळापाशी पोचलो.

तिथे वनरक्षक उभा होता. परवानगीचा कागद त्यानं मन लावून वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाला की कागद बरोबर आहे, पण जागा रिकामी नाही.

मी खवळलो. परवानगी आमच्याकडे असताना दुसऱ्या कुणाला जागा दिलीच कशी, कुणाचा वशिला आहे, नाव सांगा, उद्याच्या अंकात घेतो. माझं सगळं बोलून होईपर्यंत तो थांबला.

"घ्या ना भाऊ. वाघीण आहे वरतं, दोन पिल्लं संगं. तुमी बोला तिच्याशी, मी इथी थांबतो."

मडावीनं दोर उलगडायच्या आधीच गुंडाळला. ती बातमी मी दिली नाही.

* * *

आता पुण्याचा फोन. मागे एका बैठकीत ठेल्यावरूनच मी पुण्यातल्या एका गिर्यारोहण मंडळाला फोन लावला. कल्पना अशी होती की त्यांनी आमच्याकडे यावं, आम्ही त्यांच्याकडे जावं. पलीकडचे गृहस्थ गोड बोलत होते. गडचिरोली शब्द कानावर पडला आणि त्यांचा सूर बदलला. तिकडे सेफ आहे का? रात्री बाहेर पडता येतं का? घरच्यांना काय सांगायचं?

माझी ही दुखरी नस आहे. ज्या जिल्ह्यात लोक शेती करतात, पोरं शाळेत जातात, आठवडी बाजार भरतो, लग्नं लागतात, त्या जिल्ह्याचं नाव काढलं की शहरातल्या माणसाला फक्त बंदूक दिसते. हे मी शांतपणे सांगायला घेतलं असं माझं म्हणणं आहे. नलिनीचं म्हणणं, अख्खा ठेला माझ्याकडे पाहत होता. तिनं फोन माझ्या हातून काढून घेतला.

"हे पाहा दादा, सेफ नाईच आहे," ती म्हणाली. "आले की लोक जेवू घालते. नाई म्हटलं तर रागावते. मागच्या खेपेला मी चार घरी जेवली, मले गाडीत बसता येत नव्हतं."

ते आले नाहीत. पण फोन ठेवून नलिनी माझ्याकडेच वळली. "पुण्याच्या लोकाइले शिव्या देऊन राह्यले तुमी. आपण तरी कुठी गेलो? हंपी, बदामी, माउंट अबू. मडावीभाऊच्या गावामागं एवढा मोठा खडक उभा आहे, तिथी गेलो का कधी?"

मडावी पोहे खात होता. खाली पाहूनच म्हणाला की तो खडक चढायचा नाही.

एवढंच. का नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्या रस्त्यानं जाताना गाडीतून तो खडक दिसतो. काळा, उभा, माथ्यावर एकच झाड. सर दर वेळी मान वळवून पाहायचे, तो दिसेनासा होईपर्यंत.

* * *

सरांचं आणि देवाचं जमत नाही. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात कुणी देवापुढे हात जोडले नाहीत. सर ते अभिमानानं सांगतात, आणि मला तो अभिमान आवडतो. नाशिककडे एका सुळक्यावर गेलो होतो, तेव्हा सोबतच्या स्थानिक मुलांनी चढण्याआधी नारळ काढला आणि मोठा माणूस म्हणून सरांच्या हातात दिला.

सरांनी तो नलिनीकडे दिला. "चटणी कर. भातासंगं चालते."

मुलं हिरमुसली. सरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, खडकापाशी गेले आणि उजवा तळवा खडकावर ठेवून बराच वेळ उभे राहिले. ते प्रत्येक खडकाशी असंच करतात. नलिनी सोडते की काय!

"मग हे काय चाललं सर?"

"काई नाई. घर्षण पाहून राह्यलो."

* * *

तर यंदा. तीन बैठका झाल्या, सर काही ठरवेनात. लडाख म्हणायचे, मग स्वतःच थंडीचं कारण काढायचे. बदामी म्हणायचे, मग पाहिलेली आहे म्हणायचे. नलिनीनं एकदा स्पष्टच विचारलं की सर, तुम्हाला शेवट करायचाच नाही का? त्यावर त्यांनी आणखी एक चहा सांगितला.

चौथ्या बैठकीत सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मडावीकडे वळून बोलले.

"मडावी, तुझ्या गावामागचा."

मडावीनं हातातला चमचा ठेवला. मग म्हणाला, गायत्याला विचारावं लागेल. गायता म्हणजे गावाचा पुजारी, आणि तो मडावीचा सख्खा काका. खडकात त्यांचा पेन राहतो, पेन म्हणजे त्यांचा देव. देवाच्या डोक्यावर पाय कोण देईल, म्हणून आजवर कुणी चढलं नाही. पण विचारायला हरकत नाही, विचारल्याचा त्याला राग येत नाही.

मी म्हटलं, सर, तुम्ही देवाची परवानगी मागणार?

"मी नाई मागत. गायता मागंन. त्याचं ते काम आहे." आणि माझ्याकडे बोट दाखवून, "अन् हे छापाचं नाई."

डिसेंबरात गेलो. धान निघालं होतं, अंगणाअंगणात पेंढ्या रचलेल्या. गावानं जेवू घातल्याशिवाय विषयच काढू दिला नाही. गायता म्हणजे हातभर उंचीच्या बाजेवर बसलेला किडकिडीत म्हातारा. त्यानं मडावीकडून माडिया बोलीत सगळं ऐकून घेतलं. मध्येच त्यानं सरांच्या पायाकडे पाहिलं. मग उठला आणि एकटाच खडकाकडे गेला. आम्ही झाडाखाली थांबलो. दोर, हार्नेस, बूट, सगळं बाहेर काढून ठेवलेलं. सर बोटांना चुना लावावा तशी खडूची पावडर लावून बसले होते, आधीपासूनच.

म्हातारा परत आला. मडावीशी थोडं बोलला. मडावीनं ते आम्हाला सांगितलं आणि सांगताना सरांकडे पाहिलं नाही.

"काका म्हणते, पेनानं हो बी नाई म्हटलं, नाई बी नाई म्हटलं. ज्याले चढाचं आहे त्यानंच येऊन इचारावं म्हणते."

नलिनीनं माझा हात दाबला, म्हणजे मी गप्प बसावं. सर हातावरच्या पांढऱ्या पावडरकडे पाहत राहिले. नागपूरची तारीख जवळ आली होती, समोर उन्हात खडक उभा होता, त्याला आजवर कुणाचा हात लागलेला नव्हता, आणि वर जायला मधोमध एक सरळ भेग होती. सरांसारख्या माणसाला ती भेग रस्त्यासारखी दिसत असणार.

ते उठले. उठताना झाडाला धरलं. चपला तिथेच काढल्या आणि लंगडत गेले.

लांबून एवढंच दिसलं : त्यांनी हात जोडले नाहीत. उजवा तळवा खडकावर ठेवला, नेहमीसारखा. नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला. गायत्यानं तंबाखू मळली, खाल्ली, ती संपली. मग सर वळून आले. खडकावर पांढरा पंजा उमटला होता, आम्हाला इथून दिसत होता.

"दोर गाडीत टाका," ते मडावीला म्हणाले.

मडावी दोर गुंडाळायला लागला. मला राहवलं नाही, धंदाच तो. मी विचारलं, "सर, काय विचारलं तुम्ही त्याला?"

"मी कुठी विचारलं? त्यानंच विचारलं."

"काय?"

"म्हणे, गुडघा कसा आहे."

नलिनीनं विचारलं, "मग तुमी काय सांगतलं?"

सर चपला घालत होते. एका हातानं गायत्याचा खांदा धरला होता.

"खरं सांगतलं."