दोन डोंगरांमधली नदी

चित्रकलेच्या मास्तराचा तास म्हणजे गावजेवणाची पंगत, कोणीही यावं आणि बसावं. गणिताच्या बाई दारात उभ्या राहून विचारायच्या, "सर, आज तुमचा तास घेऊ का? पोर्शन राहिलाय." मी हो-नाही म्हणेपर्यंत फळ्यावरचा माझा डोंगर पुसून झालेला असायचा. नव्वदच्या दशकात नवी मुंबईत घणसोलीजवळच्या एका शाळेत मी पाचवी ते नववीचा ड्रॉईंगचा सर होतो. नव्या सेक्टरमधल्या फ्लॅटांतली मुलं आणि जुन्या गावठाणातली मुलं एकाच बाकावर बसायची. एकाच्या डब्यात थालीपीठ, दुसऱ्याच्या डब्यात सुकटीची चटणी, आणि मधल्या सुट्टीत दोन्हींची बिनबोभाट अदलाबदल. त्या वर्गाची आठवण आली की अजून जीव तिथेच घुटमळतो.

एका वर्षी दिवाळीनंतर संस्थेने कला विषयाचा अभ्यासक्रम बदलायचं काढलं. आठवीला आठवड्याला दोन तास होते, त्यांचा एक करायचा. नववीची चित्रकला बंदच. उरलेले तास संगणकाला द्यायचे, आणि हे सगळं येत्या जूनपासून. पालकांचं मत घ्यायला शाळेत जाहीर सभा ठरली. झालं! ज्यांनी शाळा सोडल्यापासून हातात ब्रश धरला नव्हता त्यांनाही कलेवर मतं फुटली. सोसायट्यांच्या जिन्यात वाद, भाजीच्या गाड्यावर वाद, गावातल्या साप्ताहिकात पत्रांवर पत्रं. त्यातली दोन माझी होती. एकाखाली मी 'एक सुजाण पालक' अशी सही ठोकून दिली. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "सुजाण पालकाला 'रेषेचं लालित्य' कुठून सुचलं हो?"

गंमत म्हणजे सभेचा फलक रंगवायचं कामही माझ्याकडेच आलं. शाळेत सुविचारापासून सत्काराच्या मानपत्रापर्यंत जे जे सुंदर अक्षरात लिहायचं ते ड्रॉईंगच्या सरांनी, हा रिवाजच होता. 'चित्रकला की संगणक?' ही माझ्या मुळावर आलेली अक्षरं मी लाल-निळ्या रंगात, सावली देऊन, मन लावून काढली. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "छान झालंय." मलाही तसंच वाटलं.

पालकांना पाघळवायला मी एक शक्कल लढवली. सभेच्या दिवशी व्हरांड्यात सुतळी बांधून, चिमटे लावून आठवीच्या मुलांची साठ चित्रं टांगली. विषय 'माझा गाव'. माझी शिकवायची पद्धत ठरलेली होती. मी फळ्यावर काढायचं, मुलांनी वहीत उतरवायचं. आधी दोन डोंगर, मधे अर्धा सूर्य, डोंगरांमधून वळत खाली येणारी नदी, काठावर एक झाड आणि कौलारू झोपडी. पक्षी म्हणजे आडवे पाडलेले तीनाचे आकडे. माझ्या मास्तरांनी मला असंच शिकवलं होतं आणि माझे निकाल उत्तम लागत होते. साठच्या साठ नद्या ओळीने वाहताना पाहून माझी छाती फुगली.

सभेच्या आधी पालक चित्रं बघत फिरत होते. गावठाणातल्या एका मुलीचे वडील कंपनीची पहिली शिफ्ट संपवून तसेच गणवेशात आले होते. पोरीला बरोबर घेऊन ते तिचं चित्र शोधू लागले, पण सापडेना. नावं कागदांच्या मागे लिहिलेली. शेवटी ते एकेक कागद उलटून बघायला लागले. विसेक कागदांनंतर पोरीचं नाव सापडलं. त्यांनी कागद पुन्हा सुलटा केला, बराच वेळ बघितला, आणि माझ्याकडे वळले.

"सर, एक इचारू? रागावू नका. ही नदी कंची?"

मी म्हणालो, "कुठली म्हणजे? चित्रातली."

"नाय, पन वर 'माजा गाव' लिवलंय. आमच्या गावाला नदी नाय. खाडी हाय. पोर जन्मापासून खाडीवर खेलली, ती खाडी कुठं हाय यात?"

मी मुलीकडे पाहिलं. तिने खाली बघत सांगितलं, "सरांनी फळ्यावर नदी काढली, म्हून मी पन काढली."

मला आधी रागच आला. चित्रातलं याला काय कळतं, असं मनात येऊन गेलं. मग मी त्या साठ नद्यांकडे पुन्हा पाहिलं आणि पायाखालची वाळू सरकली. ती नदी मला चांगली ओळखीची होती. माझ्या देशावरच्या गावची होती ती. ते डावं वळण, काठावरचं ते झाड, ते आमच्या घाटाचं होतं. घर सोडून इतकी वर्षं झाली होती, आणि मी दरवर्षी खडूने माझंच गाव फळ्यावर काढत होतो आणि खाडीकाठच्या पोरांकडून ते घोटवून घेत होतो. कोणी विचारलं नाही, म्हणून मलाही कळलं नाही.

सभा सुरू झाली. सेक्टरमधले एक पालक आधी बोलले. "सरांबद्दल आपल्याला रिस्पेक्ट आहे. पण ड्रॉईंग पोरं घरीपण करतात. कॉम्प्युटर कोणाच्या घरी आहे? उद्या नोकरीला काय डोंगर दाखवणार?" टाळ्या पडल्या. मुद्दा खोटा नव्हता.

माझी पाळी आली. खिशात चार पानी भाषण होतं, ते मला काढवेना. मी एवढंच बोललो, "मी शिकवत होतो ती चित्रकला नव्हती, नक्कल होती. अभ्यासक्रम बदला, खुशाल बदला. पण तास काढू नका. या मुलांना बाहेर नेऊन, समोर दिसतं ते काढायला मला शिकवायचंय."

लोकांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. मास्तर स्वतःच कबूल करतोय म्हटल्यावर वाद कसला उरला? दहा मिनिटांत संस्थेचा नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा जसाच्या तसा मंजूर झाला. मुख्याध्यापिका बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, वकिलानेच आपल्या अशिलाला फाशी मागावी तसं केलंत."

मार्चपर्यंतचे तास मात्र माझे होते. गणिताच्या बाईंना मी त्या वर्षी पहिल्यांदा नाही म्हणालो. शाळेमागच्या वाटेने आठवीचा वर्ग खाडीच्या बांधावर न्यायला लागलो. पहिल्या दिवशी सेक्टरची मुलं नाकाला रुमाल लावून बसली, आणि तासाभरात चिखलातले निवटी मासे उड्या मारताना बघून रुमाल विसरली. कुठे पाय टाकायचा, कुठे गुडघाभर रुततो, हे ती गावठाणातली मुलगी सगळ्यांना दाखवायची. सगळ्यांच्या पेटीतला तपकिरी रंग संपला, निळा तसाच राहिला. मलाही नीट येत नव्हतं. ओहोटीच्या ओल्या चिखलावर जी चमक असते ती कागदावर कशी आणायची, ते मी त्यांच्याबरोबरच शिकलो. इतकं सुख मला त्या नोकरीत पुन्हा मिळालं नाही, हे सरळ सांगतो.

त्या मुलीने चार कागद फाडले. पाचव्यावर तिची खाडी उतरली. तिवरांची मुळं, मधे पाण्याची बारीक वाट, आणि चिखल खरंच ओला. मी कितीतरी वेळ तिच्या मागे उभा राहून ते बघत होतो.

तो शेवटचा तास होता. रंग वाळायची वाट बघत तिने विचारलं, "नववीला पन येऊ ना सर आपन हितं?"

"नाही गं. नववीला आता चित्रकला नाही."

ती म्हणाली, "मंग सर, पाचवीपासून का नाय आनलं आमाला हितं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "माझं चुकलं." तिने मान हलवली आणि घंटा व्हायच्या आत चित्र पुरं करायला पुन्हा कागदावर वाकली.